छपराचे अर्धे पाणी

अण्णा, यंदा माझे गुडघे वरंध घाट उतरायला राजी नाहीत. पौषातली अमावास्या जवळ आली आहे. परवा पहाटे नीरेच्या काठी यात्रेकरू जमतील, ओंजळीत पाणी घेतील, आणि तुम्ही घालून दिलेल्या रीतीप्रमाणे प्रत्येकजण, आपण समुद्राकडे कशासाठी निघालो आहोत हे मोठ्याने सांगून ते पाणी सोडील. सर्वांच्या शेवटी मला सांगायचे आहे. जो नेतो त्याने शेवटी सांगावे, आणि सांगण्यासारखे खरे काही जवळ नसेल तर घरी राहावे, हा नियम तुमचाच. तुम्ही गेल्यापासून दरवर्षी मी ‘लोककल्याणार्थम्’ असे म्हणून पाणी सोडत आलो. त्यात खोटे काही नव्हते. लोकांना नेणे आणि सुखरूप परत आणणे हे माझे काम होते व ते मी केले. यंदा मात्र तो शब्द जिभेपर्यंत येतो आणि तिथेच बसकण मारतो. मी थकलो आहे. केवळ अंगाने थकलो असतो तर डोलीत बसून गेलो असतो. थकवा त्याहून आत कुठेतरी आहे. मी गेलो नाही तर ही पायी यात्रा संपेल, हे मला स्वच्छ दिसते. आणि जायचे तर नीरेला काय सांगून जायचे, हे सुचत नाही. म्हणून आज सकाळची पूजा आटोपल्यावर, दुसऱ्याच एका माणसाला जे लिहून द्यायचे कबूल केले होते ते बाजूला सारून, तुम्हाला लिहावयास बसलो आहे.

तो माणूस म्हणजे नसरापूरचा एक मोटारवाला. तरुण आहे, हुशार आहे, बोलायला गोड आहे. संस्थान विलीन झाल्यापासून आपल्या रस्त्यांवर मोटारी वाढल्या, त्यांतल्या दोन याच्या. काल तो ओसरीवर येऊन बसला आणि म्हणाला, “शास्त्रीबुवा, तुमी फकस्त बसा. घाट मोटार उतरंल. महाडात च्या, दासगावाला लाँच, आन् दुसऱ्या दिशी सांच्याला पुन्ना भोरात. तुमच्या पायाला धूळ लागली तर माजं नाव बदला.”

“आणि दुपार?” मी विचारले.

“कंची दुपार?”

“तिथली. कर्म आटोपल्यावरची.”

“इधी झाला का लाँचीत बसायचं. लोकान्ला कामं न्हाईत व्हय?” मग आवाज खाली आणून तो म्हणाला, “आन् येक करा. लोकं तितं का जात्यात, त्ये चार वळीत लिवून द्या. वाचलं का वढ लागली पायजे. पुन्याला पत्रकं छापून आनतो. देऊळ हाय, समिंदर हाय, नारळाच्या बागा हाईत, समदं घाला. तुमच्या हातचं म्हंजी वजन येतं.”

अंगणात, तुळशीपलीकडे, एक म्हातारी घोंगडी टाकून बसली होती. सुनेने तिला पाणी आणि गूळ दिला होता. तिचे काम काय हे अजून कोणी विचारले नव्हते. ती मध्येच बोलली, “मोटारीचा वास आला तरी माजं आतडं वर येतं बाबा. म्या चालतच जानार.”

मोटारवाला हसला. “म्हातारे, समिंदर बगून करनार काय? खारं पानी. पेता बी येत न्हाई.”

“तुजी मोटार पेता येती व्हय?” ती म्हणाली.

माझी सून दाराआड हसली, आणि मोटारवालाही मान हलवत उठला. तो गेल्यावर म्हातारी पुढे सरकली. केळदच्या वरच्या धनगरवाड्यावरून ती आली होती. “माजी आई तुमच्या वडलांसंगं गेलती जी,” ती म्हणाली, “पैल्या खेपंला. छपराच्या पान्याची म्हातारी म्हनत्यात ती.” तिने तेवढे म्हटले आणि अण्णा, माझ्या हातातले पळीपंचपात्राचे ताम्हण मी खाली ठेवले.

ती पहिली खेप तुमच्या मनात कुठून आली हे मला ठाऊक आहे. चातुर्मासात तुम्ही विंझरला, वेल्ह्याला पुराण सांगायला जात होता. समुद्रमंथन सांगताना एका श्रोत्याने विचारले की समुद्र म्हणजे केवढा, आणि तुम्ही म्हणालात, कल्पनेत मावणार नाही एवढा. घरी आल्यावर तुम्ही पंचांग काढून बसलात. त्यानंतर काही दिवसांनी स्वयंपाकघरातला तो प्रसंग. आई चुलीपाशी दशम्या थापते आहे, तुम्ही पाटावर बसून मला सांगत आहात की यंदा पौष अमावास्येला या खोऱ्यातल्या लोकांना हरिहरेश्वरी न्यायचे, खडकावरच्या जागी पिंडदान करायचे, पर्वकाळी समुद्रस्नान घडवायचे. समुद्राला पर्वाखेरीज स्पर्श करू नये, म्हणून अमावास्या; पितरांच्या कर्माला कुतपकाल, म्हणजे भर मध्यान्हीची वेळ उत्तम, म्हणून मध्यान्ह. सगळे तुम्ही बोटांच्या पेरांवर मोजून बसवले होते. आईने दशमी तव्यावर टाकली आणि विचारले, “आपण पाहिला आहे का कधी समुद्र?”

“वाचला आहे,” तुम्ही म्हणालात.

“बरे आहे,” आई म्हणाली. “वाचलेल्या समुद्राला पाय ओले होत नाहीत.” आणि तिने तुमच्या पानात तूप जरा जास्तच वाढले. तुम्ही हसला नाहीत. मी मात्र आईकडे रागाने पाहिले. त्या वयात मला वाटे की शास्त्राला थट्टा लागली की ते नासते.

संकल्पाची रीत तुम्ही त्या पहिल्या पहाटेच सुरू केलीत. नीरेवर धुके होते आणि पाणी इतके गार होते की लोकांच्या ओंजळी थरथरत होत्या. नांगर धरणारे, भात झोडून मोकळे झालेले लोक ते. बायका पुष्कळ होत्या, कारण शास्त्रीबुवांबरोबर जायचे म्हटले की घरचे आडवे येत नाहीत. कोणी म्हणाले पितरांसाठी, कोणी म्हणाले सुनेची कूस उजवावी म्हणून, कोणी म्हणाले पोटात दुखते ते थांबावे म्हणून. तुम्ही प्रत्येकाचे मराठी ऐकून घेत होता आणि त्याला संस्कृतात बसवून त्याच्या हातून पाणी सोडवीत होता. मग ती आली. उंच, काळी, खांद्यावर घोंगडी. तुम्ही विचारलेत, “बाई, तुम्ही कशासाठी?”

ती म्हणाली, “माजी खोप घाटाच्या तोंडावर हाय जी. पाऊस पडला का छपराचं आर्धं पानी हिकडं वघळतं. त्ये कानंदीला जातं, म्होरं नीरंला. त्ये म्या बगितलंय. आर्धं पानी तिकडं कड्यावरनं खाली जातं. तितं धुकंच धुकं, काय दिसत न्हाई. जलम गेला माजा त्याचा आवाज ऐकत. त्ये कुठं जातं तेवडं बगायचंय.”

“आणि पितरांसाठी?”

“पितर आमचे वाड्यावरच असत्यात. त्यान्ला कशाला समिंदर?”

लोक हसले. मी तुमच्या कानाशी लागून म्हणालो, “अण्णा, हे काही यात्रेचे प्रयोजन नव्हे.”

“मग काय आहे?”

“कुतूहल.”

“कुतूहलाने निघालेल्याला परत पाठवावे, असे कुठे वाचलेस ते दाखव.”

तुम्ही क्षणभर डोळे मिटलेत आणि म्हणालात, ‘स्वगृहच्छदिर्जलगतिदर्शनार्थम्’. तिच्या ओंजळीतून पाणी सुटले. तिने तुमच्याकडे पाहिले. “येवडं समदं म्या म्हनलं व्हय?” सगळा काठ हसला आणि त्या गारठ्यात तुम्हीही हसलात. मी हसलो नाही. माझ्या मनात त्या वेळी तिला मढे घाटाने सरळ खाली पाठवावे, असे होते. तिला तोच रस्ता जवळचा होता.

पुढचा प्रवास मला तुकड्यातुकड्यांनी आठवतो. हिरडोशीच्या पुढे थंडी, घाटमाथ्यावरून दिसलेले कोकणचे निळे थर, उतरताना पोटऱ्यांत भरलेले गोळे. खाली उतरल्यावर हवा एकदम जड झाली. महाडच्या बाजारात आमच्या बायका सुक्या मासळीच्या वासाने नाकाला पदर लावून चालल्या. घरे बदलली, बोलणे बदलले, तिथली माणसे शब्द नाकातून सोडीत आणि आमच्याकडे पाहून म्हणत, “घाटावरची दिसताहेत.” दासगावला आपण मचव्यात बसलो. सावित्री नदी रुंद होत चालली तशी धनगरीण दर वळणाला विचारू लागली, “ह्योच काय?” आणि तुम्ही, ज्यांनी समुद्र केवळ वाचला होता, तिला सांगत होता, “नाही, ही अजून नदीच.” तुम्हाला कसे कळत होते हे मला कळले नाही. मी त्या वेळी गाठोडी मोजत होतो.

अमावास्येच्या मध्यान्ही काय झाले ते आपल्या घरात पुढे कधी कोणी बोलले नाही. आज बोलतो. यात्रेकरू उपाशी होते. देवळाच्या मागे, खडकांच्या फटीतून खाली उतरणाऱ्या पायऱ्यांशी आपण पोचलो. भात शिजवून पिंड वळून तयार होते, दर्भ, तीळ, सगळे ताटांत होते. आणि खाली जागाच नव्हती. ज्या खडकावर पिंडदान करायचे म्हणून तुम्ही चार महिने सांगत होता, त्या खडकावर समुद्र उभा होता. एकेक लाट येऊन पायऱ्यांवर आदळत होती आणि फेस आपल्या पायांपर्यंत येत होता. बायका मागे सरकल्या. कोणी म्हणाले, देव कोपला.

तिथल्या क्षेत्रोपाध्यायांपैकी एक वृद्ध गृहस्थ वर उभे होते. ते म्हणाले, “शास्त्रीबुवा, अमावास्येला ऐन दुपारी भरती असते. पर्वाला समुद्र भरतो, तो याच वेळी. आम्ही त्या दिवशी कर्म वर करतो, देवळापाशी. खालची प्रदक्षिणा ओहोटीला.” त्यांच्या बोलण्यात कुचेष्टा नव्हती, पण ओठांच्या कोपऱ्यात हसू होते, आणि ते मला सहन झाले नाही. ज्या अमावास्येमुळे समुद्राला शिवायची परवानगी, त्याच अमावास्येने समुद्र त्या वेळी वर येतो, हे आपल्या देशावरच्या एकाही पोथीत आपण शोधले नव्हते. नीरेला भरती नसते. मी तडकून म्हणालो, “आमच्याकडे शास्त्रात—”

“गप्प बस,” तुम्ही म्हणालात. लोकांसमोर तुम्ही मला त्याआधी कधी असे बोलला नव्हता. मी तिशीचा, एका मुलाचा बाप. “शास्त्राला मध्ये आणू नकोस. मी या जागी कधी आलो नव्हतो, आणि आल्यासारखा बोललो.” मग तुम्ही त्या उपाध्यायांना हात जोडलेत आणि लोकांकडे वळून म्हणालात, “मी तुम्हाला खालच्या खडकाचा शब्द दिला आहे. अपराह्ण संपेपर्यंत मी पाण्याची वाट पाहीन. ज्याला भूक आवरत नसेल त्याने वर देवळापाशी कर्म उरकून जेवावे. त्यात कमी काही नाही.”

कोणीच गेले नाही. भूक सगळ्यांनाच लागली होती, पण शास्त्रीबुवा उपाशी बसणार म्हटल्यावर उठायचे कसे? मध्यान्ह ढळली की अपराह्ण, आणि अपराह्ण सरला की पितरांचे कर्म करायचे नाही. तेवढ्या अवधीत पाणी खडकावरून उतरेल की नाही, हे कोणाला ठाऊक नव्हते. तुम्ही पायऱ्या सुरू होतात तिथल्या एका दगडावर बसलात. ती धनगरीण आधीच तिथे बसलेली होती. तिच्याजवळ पिंड नव्हता, ताट नव्हते. तिचे काम ती पोचली तेव्हाच सुरू झाले होते. करायला काही उरले नाही म्हणून हळूहळू बाकीचेही बसले. मी मात्र पिंडांच्या ताटांवर कावळे येऊ नयेत म्हणून वरच्या अंगाला, समुद्राकडे पाठ करून, उपरणे हलवीत उभा राहिलो. म्हणून मला त्या दुपारचे जे आठवते ते सगळे कानांनी आठवते.

“किती हाय वं ह्ये!”

“आन् पल्याड काय आसंल?”

“पल्याड बी कुनीतरी असंच बसलं आसंल, आपल्याकडं बगत.”

“उपाशी?” कोणीतरी म्हणाले, आणि सगळे खळखळून हसले. विंझरच्या एका कुणब्याने तुम्हाला विचारले, “शास्त्रीबुवा, आपल्या नीरंचं पानी बी हितंच येतं न्हवं?”

“नाही. ती पूर्वेला जाते. दुसऱ्या समुद्राला.”

“आं? म्हंजी आमी उलट्या अंगानं आलो!”

“माजं आर्धं आलंय,” धनगरीण म्हणाली.

“तुजं कंचं गं त्यातलं?”

“त्ये बग, नदीच्या तोंडाशी जरा येगळं दिसतंय, त्ये.” आणि अण्णा, तुम्ही तिला विचारलेले मी ऐकले, “कुठे? मला दाखवा.” तुमचा तो आवाज मी पुन्हा कधी ऐकला नाही. पुराण सांगताना तुमचा आवाज वरून येई. हा खालून आला होता.

पाणी उतरले. अपराह्णाचा शेवटचा भाग उरला असताना पायऱ्यांखालचे काही खडक उघडे पडले. तुम्ही ठरवलेला खडक अजून लाटांतच होता. तुम्ही म्हणालात, “जेवढे दिले आहे तेवढ्यावर करू,” आणि शेवाळावरून एकेकाला हात देऊन खाली उतरवलेत. ओल्या खडकावर, गुडघ्यांपर्यंत उडणाऱ्या पाण्यात, ते कर्म झाले. त्यात कोणता लोप राहिला आणि त्याला प्रायश्चित्त काय, याचा मी वाटेत परतताना विचार करीत होतो. लोक तसला विचार करीत नव्हते. वरंध घाट चढताना मी त्यांचे बोलणे ऐकले. पायांखालून वाळू कशी सरकते ते, जिभेवर बसलेले मीठ, तिरके चालणारे खेकडे, नारळाच्या झावळ्यांनी शाकारलेली घरे, डोक्यात फुले माळून मासळी विकणाऱ्या बायका. पिंडांविषयी एकानेही अवाक्षर काढले नाही.

दुसऱ्या वर्षापासून तुम्ही क्रम बदललात. कर्म वर देवळापाशी, योग्य वेळी, जेवणे, आणि मग सूर्य मावळेपर्यंत सर्वांना मोकळीक. “आता मला कोणी काही विचारायचे नाही,” असे सांगून तुम्ही त्या दगडाकडे जात होता. लोक त्याला मोकळी दुपार म्हणू लागले. खोऱ्यात दुसरी मोकळी दुपार कोणाला मिळते? शेत आहे, गुरे आहेत, पाहुणे आहेत. यात्रेला माणसे वाढली ती माझ्या मते त्या दुपारीसाठी. नीरेवर ओंजळ धरून ते पितर सांगत, मूल सांगत, पोटदुखी सांगत, आणि ते खरेही असे. पण तिथे पोचल्यावर त्यांचे पाय वेगळ्याच कशाने तरी ओढले जात. तुमचा स्वतःचा संकल्पही त्या दुसऱ्या वर्षापासून बदलला. नियम मोठ्याने सांगण्याचा, आणि तुम्ही मात्र इतके हळू पुटपुटत होता की मला कधी नीट ऐकू आले नाही. मी धरून चाललो की तुम्ही लोककल्याणार्थ म्हणत असाल, आणि तुमच्यामागे तोच शब्द उचलला.

आता मोटारवाल्याचे पत्रक. काल संध्याकाळी मी ते लिहायला घेतले. प्रथम पुण्य लिहिले आणि खोडले, कारण पुण्य नीरेच्या काठीही मिळते. क्षेत्राचे माहात्म्य लिहिले; ते त्याला नको आहे. घरी जे नाही ते पाहायला माणूस जातो, असे लिहिले, आणि ते बराच वेळ खरे वाटत राहिले. मग ती धनगरीण आठवली. ती घरचेच पाणी शोधायला गेली होती. तेव्हा तेही खोडले. या साऱ्या वर्षांत मी लोकांना समुद्राचे दृष्टांत दिले. नद्या येऊन मिळतात तरी तो आपली मर्यादा सोडत नाही, हे मी इतक्या वेळा सांगितले आहे की आता माझे तोंड ते माझ्यावाचून सांगते. अगस्त्यांनी तो ओंजळीत प्यायल्याची कथा सांगितली, मंथन सांगितले. पण चार ओळी लिहायच्या म्हटल्यावर माझ्यापाशी कोणाला ओढ लागेल असा एक शब्द नव्हता. दिवा लावायच्या सुमाराला सून म्हणाली, “मामंजी, राहू द्या ना. तुम्ही इतक्या वेळा गेला आहात, जे पाहिले तेच लिहा.” मी म्हटले, हो. आणि बोरू खाली ठेवला.

धनगरणीची लेक आपल्या पडवीतच उतरली आहे. आज सकाळी मी तिला विचारले, तुझी आई काय सांगत असे? ती म्हणाली, “लई न्हाई सांगायची. पानी तितंच जातं, येवडंच. आन् म्हनायची, शास्त्रीबुवा बाजूला बसले, बोलले न्हाईत कायबी. येकदा म्हनले, बाई, तुमच्यामुळं मला ह्ये दिसलं.” तुम्ही तिला असे म्हणाला होता हे मला ठाऊक नव्हते. मी तिथूनच काही हातांवर उभा होतो. त्या धनगरणीने पुढच्या वर्षी तुमच्यासाठी लोकरीचे आसन आणून दिले होते, ते तुम्हाला आठवत असेल. माझ्या आईने ते सोवळ्यात चालेल का म्हणून विचारले आणि तुम्ही म्हणालात, लोकर सदा शुद्ध. तुमच्यामागे मी रोजच्या संध्येला त्यावरच बसतो. आत्ताही बसलो आहे. कडेने कसर लागली आहे, मध्ये मात्र शाबूत आहे.

“ह्या खेपंला तुमी न्हाई आला,” ती म्हणाली, “तर आमाला संकल्प कोन सोडवनार? त्या मोटारीवाल्याला इचारलं तर म्हनल, तिकिट घे.” मी हसलो. पुष्कळ दिवसांनी हसलो, आणि गुडघ्यात कळ आली. “आन् मला आईची जागा बगायचीय,” ती म्हणाली. “कंच्या दगडावर बसायचं, कुनीकडं त्वांड करायचं, समदं तिनं सांगितलंय. मोटारीतनं जाऊन लगीच माघारी यायचं तर बसू कवा?”

तेव्हा मी बसून हिशेब केला, अण्णा. पितृकर्मात यजमान दक्षिणेला तोंड करून बसतो. त्याला मंत्र सांगणारा मी त्याच्यासमोर, उत्तरेला तोंड करून. तिथे दक्षिणेला पाणी आहे. म्हणजे यजमानासमोर समुद्र आणि माझ्या पाठीशी समुद्र. स्नानाच्या वेळी लोक पाण्यात, मी काठावर त्यांची डोकी मोजत. लाट आली की माझी नजर डोक्यांवर. आणि मोकळी दुपार झाली की तुम्ही दगडाकडे जात होता, मी देवळाच्या ओवरीत पोथी उघडून बसे, कारण कोणीतरी गाठोडी राखायला हवी आणि मला ऊन सोसत नसे. तुम्ही गेल्यावर त्या दगडाकडे जायला कोणी अडवले नव्हते. मी एवढेच म्हणे की पुढच्या वर्षी.

परवा नीरेवर काय म्हणायचे ते यावरून ठरते. तुम्ही धनगरणीसाठी बसवले तसे काही संस्कृतात बसवावे म्हणून मी सकाळपासून शब्द जुळवत होतो. जुळले, आणि चांगले जुळले. पण ते मी पढवलेल्या शिष्याच्या तोंडचे वाटले, माझे वाटले नाहीत. म्हणून मराठीतच सांगेन, की समुद्र पाहायचा राहिला आहे, मोठ्याने, सर्वांच्या शेवटी. घाट डोलीतून उतरेन, त्यात कमीपणा मानणार नाही. मोटारवाल्याला निरोप पाठवला आहे की पत्रक मला जमले नाही. मोटारीतून ज्यांना जायचे त्यांनी जावे, ज्यांना दुपार हवी त्यांनी माझ्याबरोबर चालावे. पुढच्या वर्षी मी असेन की नाही हे सांगता येत नाही, म्हणून पुढच्या वर्षीचे काही ठरवलेले नाही. तुम्ही पुटपुटत होता ते काय, हेही आता विचारत नाही.

हे पत्र पाठवायची सोय नाही. तर्पणाचे पाणी तुम्हाला पोचते, तीळ पोचतात, हे मी लोकांना जन्मभर सांगितले. कागद पोचतो असे कुठे लिहिलेले माझ्या वाचनात नाही. तेव्हा याची घडी आसनाखाली राहील. एकच गोष्ट उरली, ती तुम्हालाच सांगण्याजोगी आहे. तिथली प्रत्येक पायरी, प्रत्येक तीर्थाची जागा मी लोकांना दाखवीत आलो. पण तो दगड कोणता, हे मला माहीत नाही. जी अजून एकदाही तिथे गेलेली नाही, तिला मला विचारावे लागेल की अण्णा कुठे बसले होते, आणि कुणीकडे तोंड करून.